साहेबाला घातलेलं गाऱ्हाणं

किशोरीबाईंचं एका मेलेल्या साहेबावर प्रेम आहे, आणि ते त्यांच्या नवऱ्यासकट साऱ्या गावाला ठाऊक आहे. साहेब व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. पेशाने गणिताचा मास्तर, आणि फावल्या वेळात पोरांसाठी कशाचा कशाला पत्ता नसलेल्या गोष्टी नि कविता लिहायचा.

शिरोड्याच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या वाचनालयात बाई ग्रंथपाल. मी रोज फुकटचा पेपर वाचायला जातो, त्यामुळे साहेबाची स्तुती मला पुरवणीसारखी मिळते.

"बाकीची पुस्तकां पोरांक शाणी करूक टपलेली आसतत," बाई म्हणतात. "ह्यो एकटोच तेंका सुट्टी देता."

मी एकदा विचारलं, अर्थ नाही तर वाचायचं कशाला?

"तुमी रोज पेपरात अर्थ शोधतास. गावता?"

मी चष्मा पुसत बसलो.

दर रविवारी मागच्या खोलीत बाई पोरांना साहेब वाचून दाखवत, स्वतः केलेल्या शुद्ध मराठी भाषांतरात. भाषांतर इतकं सोवळ्यातलं, की साध्या बांगड्यालाही त्यात 'मत्स्य' व्हावं लागे आणि कुर्लीला, म्हणजे खेकडीला, 'कर्क'. पोरं हळूहळू गळत गेली. तेव्हा आमचे सेक्रेटरी जितेंद्र यांनी ठरवलं, खोलीत स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका करायची. माणूस वाईट नाही, पण रिकामी खुर्ची त्याला बघवत नाही. येत्या रविवारी पोरं रमली नाहीत, तर सोमवारी टेबलं येणार होती. त्या आठवड्यात बाई माझ्याशी भांडल्यासुद्धा नाहीत. मला खरंच काळजी वाटली.

रविवारी थोडी पोरं आली, तीही बाईंनी घरोघर फिरून गोळा केलेली. जितेंद्र टेप घेऊन भिंती मोजत होता. बाईंनी वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीला छोट्या रियाने मोठी जांभई दिली. बाईंचा चेहरा पडला. त्यांनी कागद मिटले, उठल्या, पदर खोचला, हात जोडले आणि देवळात गावकर मानकरी देवाकडे मागणं मागताना घालतात तसं खड्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं. आमच्याकडे हे काम पुरुषांचं. पण साहेबापुढे बाईंना अडवणार कोण?

"बा सायबा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरं एका दमात. गाऱ्हाणं सुरू झालं की आमच्याकडे तोंड आपोआप उघडतं, ते शिकवावं लागत नाही.

"आज ह्या कुर्लेन आठ पायांक आठ व्हाणो घेतल्यान, त्यातली एक सुरमयेन चोरल्यान, ती सोधून दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बांगड्याक मिशी फुटली हा, तेका न्हाव्याकडे जावक येळेर एस्टी गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" रिया खुर्चीवर उभी. बाहेर क्रिकेट खेळणारी पोरं बॅटीसकट आत शिरली. पेपर कधी खाली पडला, मला कळलं नाही.

बाईंनी श्वास घेतला.

"आणि जो कोण ह्या पोरांची आयतवारची खोली काढून घेवक बघता, तेची बुद्धी फिरव आणि खोली पोरांकडेच ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरं ओरडली, मी ओरडलो, आणि हातात टेप धरून जितेंद्रही. सवयीने. सगळी त्याच्याकडे बघायला लागली.

"ता काय खरा गाराणा न्हय," तो म्हणाला.

"मगे काका, तुमी व्हय कित्याक म्हटलास?" रियाने विचारलं.

गाऱ्हाण्याला दिलेला होकार मागे घ्यायची आमच्याकडे रीत नाही. जितेंद्रने टेप गुंडाळला आणि अभ्यासिकेसाठी व्हरांड्याची मापं काढायला निघून गेला.

पोरं "आणखी एक, आणखी एक" म्हणत बाईंना बिलगली. बाई खुर्चीत बसल्या आणि चक्क रडल्या.

"इतकी वर्सां सायबाक मालवणी येता," त्या मला म्हणाल्या, "आणि माकाच म्हायत नाय."