मिस्त्रींचा समुद्र

आमच्या घरात संशय घ्यायचं खातं माझ्याकडे. भाजीवाल्याचा तराजू, इस्त्रीवाल्याची मोजणी, फोनवर नको तितकं गोड बोलणारी बाई, मी कुणालाच पहिल्या फटक्यात खरं मानत नाही. आमचे हे उलटे. समोरचा माणूस हसला की यांनी त्याला चहा पाजलाच म्हणून समजा. फक्त नळाचा विषय निघू द्या. तिथे यांचा देवावरही विश्वास नाही.

हे प्लंबर. सगळी गल्ली यांना 'मिस्त्री' म्हणते, आता आता तर मीही म्हणते. भिंतीला कान लावून आत पाणी कुठे गळतंय ते सांगायचे. यांचा राग एकाच गोष्टीवर, प्लॅस्टिकवर. प्लॅस्टिकची तोटी दिसली की असं तोंड करायचे जसं काही कुणी शिवीच दिली. "पितळ ते पितळ. आपण मरू, जोड राहील," हे वाक्य मी लग्नापासून ऐकतेय.

गुडघ्यांनी दगा दिला आणि कामं बंद झाली. त्यानंतर एकदा हे दाढ काढायला गेले आणि हसत घरी आले. दाढ काढून हसत येणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. म्हटलं, "काय झालं?" गालात कापूस, तरी बोलले, "अगं, डॉक्टरांच्या तिथे काचेच्या पेटीत समुद्र आहे. जिवंत! आपण आणू या." मला वाटलं भूल डोक्यात गेली.

पण नाही. चार दिवसांत पुढच्या खोलीतली कपाटं हलली, सोफा खिडकीखाली गेला आणि तिथे माझ्या छातीएवढ्या उंचीवर काचेची लांबलचक टाकी येऊन बसली. तिच्या खालच्या कपाटात आणखी एक छोटी टाकी. वरचं पाणी खाली उतरायचं, गाळून निघायचं आणि पंपाने परत वर चढायचं. यांच्या अंगात वीस वर्षांपूर्वीचा मिस्त्री संचारला. मत्स्यालयाच्या दुकानदाराने बजावलं होतं, "काका, पाइप, जोड, व्हॉल्व्ह सगळं प्लॅस्टिकचंच घ्या. पाण्याला धातू लागता कामा नये." हे दुकानात मान डोलावून आले आणि बाहेर पडल्या पडल्या मला म्हणाले, "बघितलंस? स्वतःचा माल खपवतोय. मला शेंडी लावतो! ज्याने अख्ख्या गावाला पाणी पाजलं त्याला हा नळ शिकवणार." त्यांनी घरी आल्यावर आपली जुनी पिशवी उघडली आणि आपल्या मनासारखं सामान लावलं. नळाच्या बाबतीत यांच्याशी वाद घालायचा नाही, हे मी केव्हाच ठरवलंय.

मग सुरू झाला तो वेडेपणा. बादलीत गाळलेलं पाणी, त्यात समुद्राचं मीठ, ते ढवळायचं, मोजायचं, पुन्हा ढवळायचं. टाकीत पाणी आणि दगड. मासा एकही नाही. आठवडे गेले, तरी दगडच. हे मात्र खुर्ची टाकून त्या दगडांकडे टक लावून बसलेले. मी विचारलं, तर म्हणे दगडांत डोळ्याला न दिसणारे जीव वाढतायत, ते वाढल्याशिवाय मासा जगत नाही. मला यातलं अवाक्षर पटलं नाही. दगड विकून मोकळा झालेला दुकानदार आता गावात हसत फिरत असणार, अशीच माझी खात्री होती.

या सगळ्यात यांच्या बाजूने होती एकच, आमची सून. ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला. दिवसभर लोकांच्या काचा पुसायच्या, त्यामुळे घरी आली तरी तिच्या हाताला चैन नसे. आरसा, टीव्ही, खिडकी, जे चकचकीत दिसेल ते पुसायची. लग्नाला वर्ष झालेलं नव्हतं. माझा मुलगा म्हणजे मूर्तिमंत मौन. घरात बोलायला मला माणूस मिळालं ते ती आल्यावर. संध्याकाळी ती आली की आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून दुकानातल्या एकेका गिऱ्हाइकाचा समाचार घ्यायचो. मला मुलगी नाही. ही पोरगी या घरात रुजावी, एवढंच मला हवं होतं. बाकी टाकी असो नाही तर हत्ती.

शेवटी जीव आले. केशरी रंगाचे दोन मासे, काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी, हाताच्या बोटांसारखं हलणारं प्रवाळ, आणि लाल पाठीची, लांब पांढऱ्या मिशांची एक कोळंबी. मासे तिच्यापुढे येऊन उभे राहायचे आणि ती त्यांचं अंग तपासून साफ करायची. सूनबाईने तिचं नाव ठेवलं इन्स्पेक्टर. "बाबा, आज इन्स्पेक्टरसाहेबांनी दोघांची झडती घेतली," असं ती आल्या आल्या सांगायची आणि हे पोट धरून हसायचे. खरं सांगते, त्या दिवसांत मलाही ती टाकी आवडायला लागली होती. मी तसं बोलून मात्र दाखवलं नाही.

एकदा सूनबाईने दुकानातली फवाऱ्याची बाटली आणून टाकीची काच बाहेरून पुसली. हे ओरडले, "वरून उघडं आहे, औषध पाण्यात जाईल!" ती ओशाळली, सॉरी म्हणाली आणि ती बाटली परत घरात आली नाही. विषय तिथेच संपायला हवा होता.

पुढे गोगलगायी काचेवरून गळून पडायला लागल्या. आज एक, परवा दोन. मग प्रवाळाने अंग आखडून घेतलं, ते पुन्हा फुललंच नाही. यांनी पाण्याच्या नेहमीच्या सगळ्या तपासण्या केल्या, सगळं ठीक. मासे तर खाऊन पिऊन टुणटुणीत. हे खुर्चीत बसून म्हणाले, "पाण्यात दोष नाही. बाहेरून काहीतरी जातंय." आणि त्यांनी स्वयंपाकघराकडे असं बघितलं की माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

त्या दिवसापासून घराची पोलीस चौकी झाली. टाकीवर चादर आली. उदबत्ती बंद, फरशीचं औषध बंद, मुलाचं अत्तर गॅलरीत. मी खोलीत पाऊल टाकलं की हे वर बघायचे. आयुष्यभर मी जगाचा संशय घेतला, पण माझ्यावर कुणी असे डोळे रोखले नव्हते. मी सरळ सांगितलं, "माझ्याकडे असं बघायचं नाही. मला विष घालायचं असतं तर ते माशांना कशाला घातलं असतं?" माझ्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही हे यांना ठाऊक आहे. मग उरली ती. सून.

एका संध्याकाळी इन्स्पेक्टर दगडाखाली आडवी पडलेली दिसली. तेवढ्यात सूनबाई कामावरून आली. चप्पल काढून ती नेहमीसारखी टाकीकडे वळली. हे उठून मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "हात दाखव."

तिला वाटलं गंमत आहे. तिने हसत हात पुढे केले. यांनी ते हात नाकाशी नेऊन हुंगले. मग म्हणाले, "त्या बाटलीचाच वास. आता लांब राहायचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, शुद्धीवर आहात का? घरची लेक आहे ती, चोर नाही!" मुलगा दारात उभा, मूग गिळून. सूनबाई मोरीत गेली, आणि मला आतून नळाचा आवाज येत राहिला, कितीतरी वेळ.

मग संध्याकाळचं आमचं ओट्याशी उभं राहणं संपलं. ती यायची, थेट आपल्या खोलीत जायची, जेवायला बसायची, ताट धुवायची. टाकीच्या खोलीतून जावं लागलं तर भिंतीला चिकटून जायची. शेवटी एका सकाळी वेणी घालता घालता मला म्हणाली, "आई, आम्ही वेगळी जागा बघतोय. तुमच्यावर राग नाही." माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मी म्हटलं, "थोडे दिवस थांब, मी बघते." काय बघणार होते ते मलाही ठाऊक नव्हतं, पण एवढं कळत होतं की खरा गुन्हेगार सापडला नाही तर ही पोरगी हातची जाणार.

माझा संशय दुकानदारावर. रोगट जीव विकले असणार मेल्याने! एका दुपारी हे डुलकी काढत असताना मी टाकीतलं पाणी बाटलीत भरलं आणि तडक दुकान गाठलं. जितकं म्हणून बोलता येईल तितकं बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मासे मेले का?"

"नाही. ते ठणठणीत आहेत."

"फक्त गोगलगायी, कोळंबी, प्रवाळ?" त्याने नळीत माझं पाणी घेतलं, वर थेंब टाकले, हलवलं. पाण्याला रंग चढला. "काकू, पाण्यात तांबं उतरलंय. मासे सहन करतात, बाकीच्यांना ते विष. काकांनी कुठे पितळ लावलंय का?"

हा माणूस बिचारा खरंच बोलत होता, आणि मी त्याच्या बापजाद्यांपर्यंत पोचले होते. घरी कशी आले ते माझं मला माहीत. रस्ताभर एकच विचार, चला, सापडलं! पोरीवरचा आळ गेला. आता यांना उठवते, व्हॉल्व्ह दाखवते, आणि ती यायच्या आत सगळं मिटवते.

हे अजून घोरत होते. मी बॅटरी घेतली, देवाचं नाव घेत खाली बसले आणि टाकीखालचं कपाट उघडून आत डोकं घातलं.

पितळ नव्हतं. पाइपाच्या मधोमध पांढरा, कोरा प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह होता.

मी तशीच बसून राहिले. यांनी, आणि प्लॅस्टिक, आपल्या हाताने लावलं! मग एकेक आठवायला लागलं. गेला आठवडाभर हे बादल्याच्या बादल्या पाणी बदलत होते, मी घरात नसताना; आल्यावर मला फरशी ओली दिसायची. टाकीवरची चादर मात्र निघाली नव्हती. सुनेला लांब ठेवणंही थांबलं नव्हतं, उलट नजर चुकवणं वाढलं होतं. मला वाटलं होतं राग आहे. कसला राग, यांना सगळं कळलं होतं.

"उठा," मी म्हटलं. "कधी कळलं तुम्हाला?"

मी कपाटापाशी बसलेली बघून त्यांचा चेहरा उतरला. नाटक केलं नाही, तेवढी त्यांची लाज राहिली. "मागच्या सोमवारी. जोड हिरवा पडला होता."

"आणि बोलला नाहीत?"

"अगं, काय बोलू? आजवर माझ्या हातच्या जोडाने कुणाचं नुकसान झालं नाही. दुकानदार हसेल. गल्ली हसेल. म्हटलं, पाणी बदलू, सगळं हळूहळू निवळेल, कुणाला कळायचंही नाही."

"आणि पोरगी?"

यांनी मान फिरवली.

"गल्ली काय म्हणेल याची काळजी, आणि घरातली पोरगी सामान बांधतेय त्याचं काही नाही? आज तिला सांगायचं. माझ्यासमोर. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन, आणि मी माझ्या पद्धतीने सांगेन."

माझ्या पद्धतीची यांना चांगलीच कल्पना आहे. संध्याकाळभर हे गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. ती दोघं उशिरा आली, जागा बघूनच. मी काही विचारलं नाही, वाढायला घेतलं. सगळे बसले. मी यांच्याकडे बघत राहिले. दोन घास झाले, तीन झाले, आणि मला खरंच वाटायला लागलं की हा माणूस आजही गिळूनच टाकणार.

मग यांनी ताट सरकवलं. "पोरी, तुझ्या हाताचं काही नव्हतं. माझा पितळेचा व्हॉल्व्ह होता. त्यातलं तांबं पाण्यात उतरलं. सगळे जीव मी मारले."

मुलाने मान वर केली. सूनबाई यांच्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले, आणि मला वाटलं, सुटलं गं बाई सगळं.

"कधी कळलं, बाबा?" तिने विचारलं.

यांनी माझ्याकडे बघितलं. मी मदत केली नाही. "मागच्या सोमवारी," हे म्हणाले.

तिने हातातला घास ताटात ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, "मी दुकानात हातमोजे घालायला लागले होते. तरी घरी येऊन हात धुवायचे, आणि हुंगून बघायचे. मला वाटायला लागलं होतं, बाबा, की खरंच माझ्याच हातात काहीतरी आहे. काल रात्री तुमच्या मुलाला सांगितलं, आपल्याला मूल झालं तर मी त्याला हात कसा लावू?"

आयुष्यात पहिल्यांदा मी मिस्त्रींना रडताना पाहिलं. "चुकलो गं," ते म्हणाले. "जाऊ नका. नका ना जाऊ."

तिने डोळे पुसले, भाजीवर झाकण ठेवलं आणि फार मऊ आवाजात म्हणाली, "जागेच्या मालकांना शब्द दिलाय, बाबा."

शब्द काय, सकाळी एक फोन केला असता तरी परत घेता आला असता. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि यांनाही. कुणी तसं म्हणालं नाही, आणि मी ताटं उचलायला लागले.