गिरणीवरचा कॅसिनो

गिरणीवर माणूस धानाचं पोतं भरडायला घेऊन येतो आणि नंबर लागेपर्यंत बसून राहतो. बसलेला माणूस बोलतो. त्यामुळे आमच्या अड्याळच्या नीळकंठच्या गिरणीत कोंड्याच्या बरोबरीनं किस्सेही साचतात. कोंडा नीळकंठ विकतो. किश्शांना गिऱ्हाईक नसतं, म्हणून ते माझ्या वाट्याला येतात.

मी नोकरीभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन गावी आलो, घर गिरणीला लागून, म्हणून सकाळी पेपर घेऊन तिथल्या बाकावर बसतो. नावापुढे डॉक्टर लागतं, त्यामुळे मोबाइलमधलं काहीही अडलं की लोक माझ्याकडे येतात. मला त्यातलं खरंच काही कळतं का, याची मला शंकाच आहे. पण मी अटी आणि शर्ती शेवटपर्यंत वाचतो. असं करणारा तालुक्यात बहुधा मी एकटाच असेन!

हे किस्से आमच्या देवरामचे. पन्नाशीचा शेतकरी, तळ्याखाली धानाची शेती, स्वभावानं अतिशय भित्रा. हा माणूस मोबाइलवरच्या ऑनलाइन कॅसिनोत पैसे लावू लागला, तेही वॉलेटमधून. हरण्याची त्याला फारशी फिकीर नव्हती. त्याची काळजी एकच होती, बायकोला, म्हणजे वनिताबाईंना, कळता कामा नये. वनिताबाई बचत गटाच्या अध्यक्ष. घरातलं बँकेचं पासबुक त्यांच्याकडे, बँकेचे मेसेज त्यांच्या फोनवर. देवरामकडे फक्त वॉलेट, मोबाइलच्या दुकानात रोख देऊन भरलेलं.

लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. शेवटी देवरामलाच विचारलं. तो म्हणाला, "लिवा ना जी सर. आता लपवाले रायलंच काय!"

*

सुरुवात अशी झाली. देवराम बाकावर माझ्या शेजारी बसून फोनवर एक रंगीत चाक फिरवत होता. चाक थांबलं की त्याचा चेहरा पडायचा. मग तो अंगठा टेकवायचा, चाक पुन्हा फिरायचं.

"देवराम, पैसे जातात ना रे?"

"जाते ना जी."

"मग भीती नाही वाटत? बाजारात शंभराची नोट मोडायला तू तीनदा विचार करतोस."

"सर, नोट हातातून गेली तं दिसते. हिथं नोटच दिसत नाई. मंग जीवावर येईन कायच्यानं?"

वॉलेटचा पहिला तोटा मला इतक्या नेमकेपणानं कोणी सांगितला नव्हता. सांगून झाल्यावर त्यानं पुन्हा अंगठा टेकवला.

*

एकदा देवराम जिंकला. बऱ्यापैकी जिंकला. गिरणीच्या आवाजातही त्याची आरोळी ऐकू आली.

मग कळलं की पैसे वॉलेटमधून कॅसिनोत क्षणात जातात, पण कॅसिनोतून वॉलेटमध्ये परत येत नाहीत. मी अटी वाचल्या. बऱ्याच खाली एका ओळीत लिहिलं होतं की जिंकलेली रक्कम फक्त बँक खात्यात मिळेल. बँक खातं म्हणजे पासबुक, मेसेज, वनिताबाई!

देवराम घाबरून गेला. ते पैसे घरीही नेता येईनात आणि अ‍ॅपवर ठेवायचीही भीती वाटू लागली. कोणी फोन उघडून पाहिलं तर? शेवटी त्यानं ठरवलं, सगळे हरून टाकायचे.

हरणं सोपं असतं असा माझा समज होता. पण चाकाला काय झालं कोण जाणे, तो सारखा जिंकतच गेला! दर खेपेला आकडा वाढायचा आणि देवरामच्या कपाळावरचा घामही. दुपारी तो माझ्या घरी आला, दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं,

"सर, हराची काही ट्रिक हाये का जी?"

*

त्या अ‍ॅपवर तक्रार लिहायची सोय होती. मी त्याला तक्रार लिहून दिली: वॉलेटमधून पैसे घेता, मग वॉलेटमध्ये द्यायला काय हरकत आहे? सभ्य भाषेत, मुद्देसूद. पाठवण्याआधी मी ती चार वेळा तपासली.

उत्तर लगेच आलं. "प्रिय खेळाडू, आपला वेळ आमच्यासाठी मौल्यवान आहे. कृपया वाट पाहा."

मी म्हणालो, "देवराम, हे माणूस लिहीत नाही, मशीन लिहितं. यात काही अर्थ नाही."

पण देवराम स्क्रीनकडे पाहतच होता. "सर, आजपावेतो मले कोनी खेळाडू म्हनलं नाई. शाळंत कबड्डीच्या टायमाले मी साऱ्याइचे कपडे सांभाळत होतो!"

त्यानं तक्रार मागे घेतली.

*

वॉलेट म्हणजे एकच खिसा. विजेचं बिल त्यातून, रिचार्ज त्यातून, भाजी त्यातून, आणि चाकही त्यातूनच. देवरामनं ओळखीचे, म्हणजे केवायसीचे, कागद पूर्ण भरले नव्हते, त्यामुळे त्याच्या वॉलेटला महिन्याची मर्यादा होती. चाकानं आधी जिंकलेले पैसे परत गिळले, मग ही मर्यादाही कधी खाल्ली हे त्याला कळलंच नाही.

आठवडी बाजारात तो वनिताबाईंसोबत वांगी घ्यायला थांबला. कोड स्कॅन केला. फोननं सांगितलं, आपली मर्यादा संपली आहे. पुन्हा केला, पुन्हा तेच.

भाजीवाली म्हणाली, "का जी भाऊ, अर्धा किलो वांग्यात लिमिट संपली? कोनते वांगे खाऊन रायले तुमी?"

वनिताबाईंनी विचारलं, "लिमिट म्हंजे काय जी?"

देवरामच्या तोंडून निघून गेलं, "सरकारनं वांग्यावर लिमिट लावली!"

वनिताबाईंनी कमरेची पिशवी काढली आणि रोख पैसे दिले. पण त्या बचत गटाच्या अध्यक्ष, वांग्यावरच्या लिमिटची बातमी त्यांनी गटात पोचवली. पुढच्या बाजारात गावातल्या बऱ्याच बाया सकाळी सकाळीच येऊन वांगी घेऊन गेल्या. देवरामच्या घरी तर आठवडाभर वांगीच होती.

*

आता नीळकंठचा किस्सा. तो स्वतः कधी खेळला नाही. तरी सर्वांत जास्त त्यालाच भोगावं लागलं.

मोटारसायकलवर एक अनोळखी माणूस आला. गोड बोलला. म्हणाला, तुमच्या गिरणीचा क्यूआर कोड आम्हाला वापरू द्या, बाहेरगावचे लोक त्यावर पैसे टाकतील, तुम्ही ते आम्हाला पुढे पाठवायचे, तुमचं कमिशन तुम्हाला. नीळकंठनं मला विचारलं. मी म्हणालो, मला शंका येते. नीळकंठ म्हणाला, "सर, तुमाले तं सूर्य उगवाची बी शंका येते." आणि त्यानं होकार दिला.

मग एक दिवस लाइट गेली. गिरणी बंद, पट्टा थांबलेला, आम्ही सगळे शांत बसलेलो. टेबलावरचा पैसे आल्याचं सांगणारा तो छोटा स्पीकर मात्र बॅटरीवर चालणारा. तो बोलू लागला. पाचशे रुपये प्राप्त झाले. दोन हजार रुपये प्राप्त झाले. पुन्हा पाचशे. पोतं घेऊन बसलेला एक म्हातारा कान देऊन ऐकत होता. म्हणाला,

"नीळकंठ, गिरनी बंद, अन् भरडाई जोरात चालू हाये गा!"

ते कुठल्या तरी कॅसिनोवाल्यांचे पैसे होते. पुढे परराज्यातल्या कोणा हरलेल्या माणसानं तक्रार केली आणि बँकेनं नीळकंठचं खातं गोठवलं, म्हणजे 'फ्रीज' केलं. त्यात त्याचे स्वतःचे भरडाईचे पैसेही अडकले. मोटारसायकलवाला पुन्हा दिसला नाही. तो दुसऱ्या कोणाचा तरी कोड घेऊन बसला असणार.

नीळकंठ बँकेत जाऊन म्हणाला, "साहेब, मी तं खेळलोच नाई!" साहेब म्हणाले, "खेळणाऱ्याचं खातं चालूच आहे. ज्याच्याकडे पैसे आले त्याचं बंद आहे."

मला काही दिवस झोप लागली नाही. मी रोज त्याच बाकावर बसतो. चौकशी आली तर मला साथीदार समजतील का? मी काही दिवस पेपर घरीच वाचला. नीळकंठनं मात्र स्पीकर कपाटात टाकला, आणि भरडाईच्या बदल्यात जुन्या पद्धतीनं कोंडाच ठेवून घ्यायला लागला.

"कोंडा फ्रीज होत नाई जी!" तो प्रत्येकाला सांगायचा.

*

इकडे बचत गटाला तालुक्याच्या ठिकाणी मोबाइलच्या व्यवहारांचं प्रशिक्षण मिळालं. पैसे कसे पाठवायचे, जुने व्यवहार कसे पाहायचे. वनिताबाई घरी आल्या आणि सरावासाठी त्यांनी देवरामचं वॉलेट उघडलं.

देवराम धावतच गिरणीवर आला. चेहरा पांढराफटक.

"कळलं?" मी विचारलं.

"कळलं असतं तं बरं झालं असतं जी!"

झालं असं होतं की वॉलेटमध्ये कॅसिनोचं नाव कुठेच नव्हतं. देवरामचे चाकावरचे सगळे पैसे ज्याच्या खात्यात गेले होते तिथे नाव होतं, कुठल्या तरी साडी सेंटरचं. नीळकंठसारखाच कोणीतरी दुकानदार, आपला कोड वापरायला देऊन बसलेला. पानामागून पान, साडी सेंटर, साडी सेंटर, साडी सेंटर. वनिताबाईंनी कपाट उघडून आपल्या साड्या पाहिल्या. त्यात नवीन एकही नव्हती.

"ती इचारून रायली, कोनाले साड्या घेऊन देल्या म्हनून!"

नीळकंठ गिरणी बंद करून आला. म्हणाला, "अरे, मंग सांगून टाक ना बे जुगार होता म्हनून. साड्यापेक्षा जुगार परवडला!"

देवरामला ते पटलं. इतके महिने जी गोष्ट लपवण्यासाठी त्यानं जिवाचं रान केलं, ती सांगायला तो घाईघाईनं घरी गेला. थोड्या वेळानं परत आला. आधीपेक्षा पांढरा.

"काय म्हनाली?" नीळकंठनं विचारलं.

"इश्वास नाई ठेवत! म्हने, तुमी अन् जुगार? पोळ्याले सारं गाव पत्ते खेळते, तुमी पानी पाजाचं काम करता. काहून खोटं बोलता? बाईचं नाव सांगा." तो बाकावर टेकला. "सर, तिनं ब्याग भरली. दुपारच्या यष्टीनं एकोडीले जातो म्हनते, माहेरी. तुमी चला जी. तुमचं आयकन ती. तुमी सांगा का मी जुगारी हावो म्हनून!"

*

आम्ही गेलो. मी आणि नीळकंठ. बॅग खरोखरच दाराशी ठेवलेली होती. वनिताबाईंनी आधी चहा दिला, मग समोर बसल्या. आम्ही तिघं खाटेवर ओळीनं.

मी घसा साफ केला. "वनिताबाई, मी जबाबदारीनं सांगतो. देवराम जुगारी आहे."

देवरामनं कृतज्ञतेनं माझ्याकडे पाहिलं.

"सर," वनिताबाई म्हणाल्या, "तुमी एवढे शिकलेले. याइच्यासाठी तुमी बी खोटं बोलता?"

"नाही, नाही. चांगलाच जुगारी आहे. बरेच महिने."

"वहिनी, माह्या गिरनीची शप्पथ," नीळकंठ पुढे सरकला. "भल्ला हरते हा! याच्यासारखा हरनारा पाह्यला नाई मी!"

"एकदा तर हरायचं होतं तरी जिंकला," मी भर घातली. लगेच वाटलं, हे सांगायला नको होतं.

"तुमी सोता पाह्यलं सर, पैसे कुठं जाते ते?"

मी प्रामाणिकपणे म्हणालो, "मी अटी वाचल्या आहेत."

वनिताबाईंनी पदर खोचला. "असं करा. मले समजावू नका. हे जुगार खेळते म्हनता ना? मंग खेळू द्या माह्यासमोर. पैसे टाकू द्या. मी पाह्यतो काय होते ते. साडीवालीचं नाव चाकातून निंगालं तं मी ब्याग आत ठेवतो."

आम्हाला हायसं वाटलं. सूचना अगदी शास्त्रीय होती. एकच गोष्ट माझ्या मनात खटकत होती. वर्गासमोर करून दाखवलेला माझा एकही प्रयोग कधी पहिल्या फेरीत जमला नव्हता.

देवरामनं फोन स्टुलावर ठेवला. वनिताबाईंनी चष्मा लावला आणि खुर्ची जवळ ओढली. चाकाचं पान उघडलं. "हे पाह्य, हे चाक होय," देवराम म्हणाला. त्यांनी मान हलवली. "हिथून पैसे टाकाचे." त्यांनी पुन्हा मान हलवली. माझ्या मते त्यांचा चेहरा थोडा निवळलाही होता. नीळकंठनं मला कोपरानं ढोसलं.

देवरामनं सर्वांत लहान रक्कम निवडली, वॉलेट निवडलं, आणि खूप दिवसांनी न घाबरता अंगठा टेकवला.

हिरवी खूण आली. पैसे गेले. खाली ज्याला गेले त्याचं नाव आलं.

वनिताबाईंनी फोन उचलून डोळ्यांजवळ धरला आणि प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं,

"मोहिनी... लेडीज... ब्यूटी... पार्लर."