चहाआधीची गुणगुण

बर्फातल्या त्या पोस्टवर मी नायब सुभेदार म्हणून गेलो, तेव्हा हवालदार शंकर तुपे तिथे आधीपासून होता. हिंजवडीकडचा गडी. माझा जोडीदार तोच. सकाळी रेडिओ चेक, मग चहा. पेला हातात आला की तुपे डोळे मिटून आधी नाकातून भुंग्यासारखी लांब गुणगुण करायचा. भ्रामरी प्राणायाम. मगच घोट.

मला प्राणायाम काही जमेना. दोन दिवस उत्साह, पुढे बोंब!

"सायेब, जोर लावताय म्हणून निसटतंय," तुपे म्हणाला. "चहा काय ठरवून पिताय व्हय? त्यो बैल चालतोयच की. नवी सवय त्येच्याच गाडीत टाका."

टाकली. पुढे पुढे पेला हातात आला की गुणगुण आपोआप यायची. योगात प्रयत्न सैल सोडायला सांगतात, ते मला तिथे कळलं.

एका दुपारी तंबूत तुपेने मला पेला दिला आणि वरच्या उताराचा बर्फ सुटला.

काळोख. छातीवर बर्फ. तोंडापुढे ओंजळभर हवा. धापा टाकल्या तर ती लगेच संपणार, आणि मी तर भयंकर घाबरलो होतो. पण पेला बोटांत अडकून होता. गुणगुण आपसूक सुरू झाली, श्वास लांबला. मग डाव्या कानाशी दुसरी गुणगुण आली. तुपे! मी थकलो की तो सूर धरून ठेवायचा.

माझ्या अंगाखाली रेडिओचं बटण दाबलं गेलं होतं. खालच्या पोस्टवर रेडिओवरच्या जवानाला ते ऐकू जात होतं; तो शोधपथकाच्या साहेबांना कळवत होता, हे मला नंतर समजलं.

"तंबूतून दोन आवाज येतायत. ओव्हर."

"नक्की दोन?"

"दोन, सर. ओव्हर."

"खणा!"

मला बाहेर काढलं. "तुपे डावीकडे आहे!" मी ओरडलो. डावीकडे नुसता बर्फ होता. तुपे खाली नाल्यात सापडला, मान मोडलेला. डॉक्टर म्हणाले, "पहिल्याच तडाख्यात गेला." मी त्यांच्याशी भांडलो. रेडिओवरच्या जवानाने नोंदवहीत लिहिलेलं 'दोन आवाज' मात्र खोडलं नाही.

आता सदाशिव पेठेत योगवर्ग घेतो. लोक म्हणतात, "सवयच लागत नाही हो!" मी विचारतो, "आपला चहा चुकतो का कधी? मग त्यालाच बांधा की!"

घरी सकाळी कप हातात घेतो. गुणगुण येते. मी थांबतो, डाव्या कानाशी ती अजून चालूच असते. पहिल्यांदा बायकोने आतून विचारलं होतं, "अहो, कोण आलंय?" हल्ली विचारत नाही. दुसरा कप ठेवते. साखर मी घालतो. शंकरला गोड लागायचा.