मंडळीत दाराजवळ बसलेला माझा भाऊ

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नंदुरबारला गच्चीवर मिरच्या उलथत होते. तिखटाचे हात, डोळ्याला लावायची सोय नाही, म्हणून पदरात धरूनच फोन कानाला लावला. रुत, म्हणजे त्याची मुलगी, एवढंच म्हणाली, "आत्या, बाबा उठतच नाहीत..." त्याला आता काही आठवडे होऊन गेले. लोक भेटायला येतात, शांती मिळो म्हणतात. मला मेलीला शांती कुठली? मला राग येतो. तो आधी बाहेर पडू दे, मग रडेन.

याकोबदादा माझा थोरला भाऊ. शहाद्याहून तोरणमाळपर्यंत काळीपिवळी जीप चालवायचा. आत माणसं, टपावर माणसं, मागे लोंबकळणारी माणसं, आणि मध्येच कुणाची तरी शेळी. बुधवारी मात्र संध्याकाळच्या आत गाडी दारात लावायची आणि मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बायबलचा शास्त्राभ्यास घ्यायचा. आमच्या मंडळीत वचनं पाठ करायची भारी हौस. कुणाचं दुखलं, कुणाचं चुकलं, की समोरचा लगेच एक वचन काढून हातावर ठेवणार, प्रसाद दिल्यासारखं. दादा मात्र प्रत्येक वचनाला आधी विचारायचा, "हाई कोन बोली ऱ्हायना?" देव बोलतोय, की माणूस बोलतोय, की सैतान? ते बघा आणि मग पाठ करा म्हणायचा. लोक हसायचे. याकोबभाऊ शास्त्रालासुद्धा तिकीट विचारतो, अशी थट्टा चालायची.

मग त्याच्या घराला दृष्टच लागली. आधी मुलगा गेला. ऐन उमेदीतला पोरगा, घाटात मोटारसायकलवरून पडला. त्यातून सावरतोय न सावरतोय तोच वहिनीच्या पोटात गाठ निघाली. मंडळी सुरुवातीला धावून आली, खोटं कशाला बोलू! भाकऱ्या आल्या, उपास झाले, प्रार्थना झाल्या. पण दुखणं लांबलं तशी कुजबुज सुरू झाली. एकाच घरावर एवढं का? कुठेतरी पाणी मुरत असणार... आणि अशात कुणीतरी दादाची जीप जामसिंग भगताच्या अंगणात उभी असलेली पाहिली.

भगत म्हणजे वर डोंगरात आजार उतरवणारा माणूस. धान्याचे दाणे टाकून बघतो, कोंबडा कापतो, मंत्र म्हणतो. आमच्या आईबापांनी प्रभूला धरलं तेव्हा तो उंबरा सोडला. दुसरं काहीही केलं तरी मंडळी एक वेळ पोटात घालेल, पण प्रार्थना सोडून भगताकडे कोंबडा नेला, तर माफी नाही. तर पंचांनी दादाला बोलावलं. वहिनीच्या दुखण्यापासून मी बरेच दिवस दादाकडेच होते, त्या दिवशीही तिथेच होते. मोठे पंच फिलिपभाऊ, त्यांनीच विचारलं.

"तू गयथा का नही?"

"गयथू."

"कोंबडा कापा?"

"नही."

"मंग कसाले गयथा?"

कशाला गेला होतास, यावर दादा गप्प. पुन्हा पुन्हा विचारलं, तरी गप्प. अरे, काहीतरी बोल की बाबा! मी मागून डोळे वटारतेय, खुणा करतेय, आणि हा आपला चटईकडे बघत बसलाय. मग आमच्या रीतीप्रमाणे ठरलं. चूक कबूल करून पश्चात्ताप करेपर्यंत शास्त्राभ्यास घ्यायचा नाही, प्रभुभोजनाची भाकर घ्यायची नाही, आणि बसायचं दाराजवळ, चपलांपाशी. तो उठला आणि दाराजवळ जाऊन बसला. वहिनी त्याच दिवसांत गेली. तिच्या मातीहून परतताना दोन बाया माझ्या कानावर पडेल अशा बेतानं म्हणाल्या, "बघा, दिसलंच ना!" माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली...

आणि कहर म्हणजे मंडळीत तेव्हा शास्त्रातला कुठला भाग चालू होता? तो नीतिमान माणूस, ज्याची गुरंढोरं गेली, लेकरं गेली, अंगभर फोड आले, आणि सांत्वनाला आलेले मित्रच त्याला म्हणू लागले, की बाबा, तू काहीतरी केलंच असशील, कबूल कर. दादानंच तो भाग काढला होता, पुढे फिलिपभाऊ घेऊ लागले. एका बुधवारी त्यांनी दाराकडे बघत एक वचन खणखणीत म्हणून दाखवलं. भावार्थ असा, की निर्दोष माणसाचा कधी नाश होत नाही. वचन कुणाचं, तर त्या दोष देणाऱ्या मित्रांतल्याच एकाचं! मला राहवेना. मी उठून उभी राहिले. "अहो भाऊ, ज्याच्यावर शेवटी देवच रागावला, त्याचं बोलणं तुम्ही माझ्या भावाच्या तोंडावर मारताय? पुढची पानं उलटा की!"

"वचन ते वचन," फिलिपभाऊ म्हणाले.

दाराजवळून दादाचा आवाज आला, "बस वं मर्था." बसले. दुसरं काय करणार?

मंडळीचं सोडा. घरात रुत होती. लहानपणापासून बापाच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून फिरलेली पोर. तिनं माझ्यासमोर विचारलं, "बाबा, आईसाठी कोंबडा कापला का? मला तरी सांगा. मी कुणाला बोलणार नाही."

"नही वं बेटी."

"मग दर आठवड्याला वर कशाला जाता?"

तिथे पुन्हा तेच, तोंडाला कुलूप. तेव्हापासून ती त्याला ताट वाढायची, पाणी द्यायची, पण बोलायची नाही. मंडळीनं चपलांपाशी बसवलं ते त्यानं सोसलं. पण ती गप्प ताट ठेवून वळायची, तेव्हा त्याचा घास हातातच राहायचा. मी पाहिलंय. जीप मात्र वर जात राहिली, आणि लोक म्हणत राहिले, निर्लज्ज आहे.

दादाच्या मातीच्या दिवशी मंडळीच्या पाळकांनी प्रार्थना थोडक्यात आटोपली. त्याच्याबद्दल साक्ष द्यायला कोण उभं राहतंय, असं विचारलं, तर सगळे मान खाली घालून उभे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून काठी टेकत जामसिंग भगत पुढे आला. बरोबर त्याच्या पाड्यातली चार माणसं. तो पावरी बोलीत बोलला, मी मराठीत सांगते. "मला टीबी झाला होता. मी लोकांचा खोकला उतरवणारा. मीच सरकारी गोळ्या खातो हे कळलं, तर माझ्या दारात कोण येईल? आम्ही लहानपणी एकत्र गुरं चारली. यानंच मला शहाद्याच्या दवाखान्यात नेलं. मी शपथ घातली, कुणाला सांगू नको. हा आठवड्याच्या गोळ्या आणायचा, समोर बसून पहिली गिळायला लावायचा, मग जायचा. खाली याला काय भोगावं लागलं ते मला हा मेल्यावर कळलं..." त्याच्या पाड्यातली माणसं त्याच्याकडे बघतच राहिली. त्याचं भगतपण तिथंच संपलं, हे त्यालाही कळत होतं. तरी बोलला.

फिलिपभाऊंचा चेहरा उतरला. येत्या रविवारी मंडळीत जाहीर करू, म्हणाले, याकोबभाऊ निर्दोष होते म्हणून. जाहीर केलंही म्हणे. मी गेले नाही. ऐकायला तो होता का?

परवा रुतला मदत करायला गेले. ती दादाच्या खोलीत बसून त्याचे कपडे आवरत होती, कुणा गरजवंताला द्यायला. खाकी शर्टाची घडी घालता घालता एकदम हुंदका फुटला तिला. "आत्या, मला तरी सांगायचं ना त्यांनी! मी काय जामसिंगबाबाचं नाव गावभर केलं असतं? पोटच्या पोरीला तरी सांगायचं..."

लागेल असं बोलायचं नव्हतं मला. पण जीभ माझी.

"सांगितलं होतं की, बेटा. कोंबड्याचं विचारलंस तेव्हा 'नाही' म्हणाला होता."

तिनं त्या शर्टाची घडी मोडली, हातानं बाह्या सरळ केल्या आणि तो पुन्हा खुंटीला अडकवला. बाकीचे कपडे दिले. तो शर्ट अजून तिथंच आहे.