वहिनींचा वेगळा धोटा

वहिनी गेल्या, त्यानंतर हे लिहायला घेतलं. म्हणजे इथंही मी भेकडच.

आमचं घर नागपुरातल्या विणकरांचं. ओसरीत मोठ्या भावाचा माग होता आणि वहिनी त्याला कांड्या भरून द्यायच्या. सुताची कांडी धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी होडीत, बसवली की धोट्याच्या बारीक भोकाला ओठ लावून धागा बाहेर ओढावा लागतो. सगळेच विणकर तसं करत. भावाला घाई असली की वहिनी धागा ओढून द्यायच्या, पुढच्या कांडीला तोच धोटा भावाच्या ओठाला लागायचा. त्यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती आणि मी घरातला पहिला मॅट्रिक होतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला.

त्या वर्षी वहिनींच्या मानेवर, कंठाच्या जरा बाजूला, सुपारीएवढी गाठ दिसू लागली. शेजारणी गंडमाळ म्हणाल्या. शाळेच्या पुस्तकात क्षयावर एक धडा होता. मानेत गाठी येतात आणि थुंकीतून रोग पसरतो, एवढं मला त्यातलं आठवत होतं. जेवताना मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "हा टीबी हाय. वहिनींचा धोटा वेगळा ठेवा, गिलास वेगळा ठेवा. अन् पोरगी त्यांच्यापाशी नको."

वहिनींची पोरगी आठ महिन्यांची, अंगावर पिणारी.

"एकडाव डागदरले दाखवू ना, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

"काहून? मोहल्लाभर बोभाटा करायचा हाय का?"

भाऊ ताटातून मान वर न करता म्हणाला, "तो शिकला हाय. म्हन्ते तं खरंच असन."

दुसऱ्या दिवसापासून पोरगी आईच्या, म्हणजे माझ्या आईच्या, खोलीत. बकरीचं दूध मी स्वतः उकळून पाजायचो. पोरगी रडू लागली की ओसरीत बसलेल्या वहिनींचा पदर दुधानं ओला व्हायचा, आणि मी तिकडे पाठ करायचो. पुढे दूध आटलं. आपल्या वेगळ्या धोट्यावर त्यांनी ओळखीसाठी लाल दोरा बांधला आणि कांड्या भरत राहिल्या. मला मात्र घर वाचवल्यासारखं वाटत होतं, हे लिहितानाही कानशिलं तापतात.

जवळपास वर्ष गेलं. गाठ लिंबाएवढी झाली, घास गिळताना अडकू लागला, तेव्हा कुठं भावानं त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन करून गाठ काढली. तपासणीचा कागद इंग्रजीत आला, म्हणून डॉक्टरांनी मलाच आत बोलावलं.

"यांना क्षय नव्हता," ते म्हणाले. "आईच्या पोटात मूल घडत असताना एक ग्रंथी गळ्यातून खाली छातीत उतरते. यांच्या बाबतीत तिचा एक तुकडा वाटेतच राहिला, गळ्यातल्या दुसऱ्या ग्रंथीत रुतून. त्यात हळूहळू पाणी साचलं. क्वचित सापडतं असं. जन्माच्या आधीपासूनचं आहे, कुणाला लागायचं नाही." मग कागद माझ्या हातात देत सहज म्हणाले, "घरी लहान मूल आहे ना? अंगावर पीत असेल तर चार दिवसांनी पाजू द्या."

मी "बरं" म्हणालो.

बाहेर भाऊ बाकावर बसला होता. काय म्हणाले, त्यानं विचारलं. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण घरातला शहाणा मी होतो, आणि ते शहाणपण मला सोडवेना. "गाठ काढली. रोग गेला. आता भ्या नाही," एवढंच सांगितलं. कागद घडी करून खिशात घातला, तो पुन्हा कुणाला दाखवला नाही.

वहिनी घरी आल्या. मानेला पट्टी होती. मी पोरीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. तिनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, भोकाड पसरलं आणि माझ्याकडे हात केले. वहिनींनी तिला थोडं थोपटून पाहिलं, मग स्वतःच उचलून माझ्याकडे दिलं.

"राहू द्या, भाऊजी. होईन हळूहळू सवय," त्या म्हणाल्या. "तुम्ही येळेवर दूर ठेवलं म्हणून माही पोरगी वाचली. तुमचे लय उपकार हायेत."

मी "हो" म्हणालो.