बाटलीची दृष्ट

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मध्येच हसलात तर पुढचं सांगायची माझी हिंमत व्हायची नाही. घोटाळा माझ्याच हातचा आहे, आणि वर त्यात माझ्या बापाचं सोनं आहे!

नवीनच लग्न झालं होतं. माहेर आष्टीचं, सासर वर्ध्याला लागून बोरगाव मेघेत. हे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करायचे. छे, उलटं सांगितलं. पीएच.डी. करायचे आणि उरलेल्या वेळात शिकवायचे. त्यातूनही थोडा वेळ उरला, तेव्हा लग्न केलं असावं.

विषय काय, तर सोन्याचं पाणी. सोन्याचे इतके बारीक कण पाण्यात करायचे, की डोळ्याला दिसत नाहीत, तळाला बसत नाहीत, नुसते तरंगत राहतात. आणि पाणी होतं लाल, अगदी माणकासारखं! आता यासाठी सोनं कोण देणार? कॉलेज? ते खडूसुद्धा अर्धा मोडून द्यायचं.

एक दिवस जेवताना माझ्या लक्षात आलं, की लग्नात बाबांनी घातलेली अंगठी यांच्या अनामिकेवरून करंगळीत आली आहे.

"अहो, ही लहान कशी झाली?"

"सोनाराकडून मोहरीच्या दाण्याएवढा तुकडा काढून घेतला. विज्ञानासाठी."

जसं काही विज्ञान दारात झोळी पसरून उभं होतं!

"बाबांना कळलं तर?"

"दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून माझे मार्गदर्शक सर येणार आहेत त्या लाल पाण्याची बाटली बघायला. रंग टिकलेला दिसला की प्रबंध मार्गी लागला. मग अंगठी पुन्हा करून घेऊ. तोवर बाबांसमोर माझा हात खिशात."

म्हणजे माझी माहेरची अब्रू त्या लाल रंगावर टांगलेली!

संध्याकाळी मी डाळ निवडायला बसले, की हे समोर बसून समजावायचे. "सगळ्या कणांवर सारखाच विद्युतभार. जवळ आले की एकमेकांना ढकलतात. म्हणून वेगळे राहतात, आणि म्हणूनच टिकतात."

मी म्हणायची, "हं." आणि मनात म्हणायची, सासूबाई आणि मी एका स्वयंपाकघरात टिकलो आहोत ते असेच.

एकदा बोट वर करून त्यांनी काहीतरी फार महत्त्वाचं सांगितलं. नेमका तेव्हाच मला डाळीत खडा सापडला. तरी मी "हं" म्हटलं. हे खूश! "वर्गातल्या पोरांना वर्षभर कळत नाही, ते तुला लगेच कळतं!" कमी बोलणाऱ्या बाईला लोक हुशार समजतात. मी ती समजूत कधी खोडून काढली नाही. कशाला काढू?

दिवाळीत कॉलेजात रंगरंगोटी निघाली आणि बाटली घरी आली. तिला ऊन नको, धक्का नको, कुणाचा हात नको. आमच्या दोन खोल्यांत अशी जागा एकच. देवाचा कोनाडा!

झालं. सासूबाईंनी विहिरीवर एकीला सांगितलं, आणि सगळी गल्ली दर्शनाला आली.

"माय वं! सोनं पाण्यात? मंग लाल काऊन?"

"सोनं आतून लालच असते," सासूबाईंनी ठोकून दिलं. यांच्या प्रबंधापेक्षा हे बायकांना चटकन पटलं. बाटलीला हळदकुंकू लागलं, समोर झेंडू आला.

समोरच्या पारबताबाई मात्र वाटी घेऊनच आल्या. "सूनबाई, चमचाभर दे वं. नातू अंगी लागून नाई राह्यला."

"नाही हो देता येणार."

"नाई? घरात सोन्याचं पाणी, अन् लेकराले चमचाभर नाई? ठेव ठेव! किती दिवस लाल राह्यते, पाहून घेजो!"

वाटी आपटत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे सरांना आणायला स्टेशनवर गेले. सासूबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. त्याच डोळ्यानं त्यांनी कोनाड्यात पाहिलं आणि किंचाळल्या, "सूनबाई, रंग उतरला वं!"

"नाही आई, आहे तसाच आहे."

"काळा पडून राह्यला! पारबताची नजर लागली! मीठ-मोहऱ्या आण."

तुम्ही म्हणाल, शिकलेली मुलगी तू, हसली का नाहीस? अहो, बाहेर आभाळ आलेलं, सर गावात पोचलेले, अंगठी करंगळीत! शपथेवर सांगते, मलाही बाटली काळपट दिसली.

"तुम्हीच काढा आई दृष्ट."

"मी कायले? सोनं तुह्या बापाचं, तूच काढ. अन् आधी बूच काढ."

"बूच कशाला?"

"नजर आत गेली ना? मंग निघन कुठून? तळातून?"

मी बूच काढलं.

मुठीत खडेमीठ आणि मोहऱ्या घेऊन ओवाळायला लागले. शेवटच्या फेरीला मूठ बाटलीच्या तोंडावर आली, लग्नातल्या हिरव्या बांगड्या कोनाड्याच्या कडेला अडकल्या, आणि मूठ सुटली. मीठ, मोहऱ्या, टपटप टपटप, आत! यांनी माझ्या बापाचं मोहरीएवढं सोनं घेतलं होतं. मी खऱ्या मोहऱ्या परत केल्या.

डोळ्यांदेखत माणकाचं जांभूळ झालं. जांभळाचं निळीचं पाणी झालं.

सासूबाईंनी टाळी वाजवली. "पाह्य! पाह्य! निघाली ना नजर! केवढी काळी होती, बाप्पा!"

तेवढ्यात दारातून यांचा आवाज आला. "या सर. आषाढात केलंय, अजून एक कण खाली बसला नाही!"

सरांनी बाटली पाहिली. मग यांनी पाहिली. बाटलीचे रंग ज्या क्रमानं बदलले, त्याच क्रमानं यांचा चेहरा बदलला.

"काय घातलंस यात?"

"मीठ," मी म्हटलं. "आणि मोहरी."

"म्हणजे फक्त जिरं राहिलं," सर म्हणाले.

"अगं, सांगितलं होतं ना तुला, मीठ हा याचा वैरी आहे म्हणून! मीठ पडलं की कणांचं ते ढकलणं संपतं. सगळे एकमेकांना चिकटतात आणि तळाला बसतात! तू 'हं' म्हणाली होतीस!"

म्हणाले होते मी. डाळीतल्या खड्याच्या दिवशी.

सर चहा प्यायले, यांच्या करंगळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "अजून एकदा होईल एवढं सोनं दिसतंय. करा पुन्हा."

इथंच संपलं असतं तर बरं होतं. पण संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की पारबताबाईंच्या नजरेनं सोनं काळं पडलं. बायका त्यांना पाहून लेकरांवर पदर टाकू लागल्या. विहिरीवर त्या आल्या की बाकीच्या घागरी उचलून चालू लागायच्या. आणि मी? मी आपली गप्प. हुशार ना!

शेवटी मलाच राहवेना. विहिरीवर सगळ्या जमलेल्या असताना मी जन्मात बोलले नव्हते एवढं बोलले. "नजर-बिजर काही नाही. माझ्या हातून मीठ पडलं. त्या कणांवर विद्युतभार असतो, ते एकमेकांना ढकलतात, आणि मीठ पडलं की..." पार तळापर्यंत गेले!

सगळ्या म्हणाल्या, "हं."

तो "हं" मी लगेच ओळखला. मीच तो घरात रुळवला होता!

पारबताबाईंनी घागर खाली ठेवली. "म्हंजे, मी पाह्यलं तवा लालच होतं?"

"लालच होतं."

"अन् तू एकटक पाहून राह्यली, तुह्याच हातानं काळं झालं?"

"हो, पण मिठामुळं..."

"मंग नजर कोणाची वं, सूनबाई?"

सासूबाईंनी आपली घागर माझ्यापासून जरा पलीकडे सरकवली.

तेव्हापासून कुणाकडे पापड लाटायला बसलो, की मला मायेनं सांगतात, "सूनबाई, तुम्ही जरा तिकडं तोंड करून बसा." पारबताबाईंचा नातू चांगला अंगी लागला आहे, म्हणतात. म्हणतात, कारण मला दाखवत नाहीत.

यांनी नवी बाटली केली, पुन्हा लालबुंद. अंगठी आता करंगळीतही जात नाही, डबीत असते. बाटली त्याच कोनाड्यात आली. परवा पाहिलं, तर सासूबाईंनी तिला काजळाची ठसठशीत तीट लावलेली. मला भरूनच आलं. म्हटलं, किती जीव लावतात लेकाच्या कामाला!

मग डाळ निवडायला माझ्या जागेवर बसले, आणि दिसलं. तीट एकाच बाजूला होती. माझ्याकडच्या.