अर्जातली दुसरी बाजू

“तुमचं काय म्हणणं हाय?” असं विचारून काका खिशातलं पेन काढत आणि टोपण दातात धरून ऐकत बसत. रोह्यात त्यांचं चार पानी साप्ताहिक होतं. त्यात कुणाविरुद्ध तक्रार आली की शेजारी तेवढ्याच जागेत त्याचीही बाजू येई. उघड्या गटारात म्हैस पडली तेव्हा गटार बांधणाऱ्या ठेकेदाराचंही म्हणणं छापून आलं. म्हशीचं तेवढं राहिलं, असं मी म्हणालो तर ते पोट धरून हसले.

रोह्याला लागूनच असलेल्या वरशाला माझी इंटरनेटची एजन्सी आहे. दर गुरुवारी त्यांची पानं माझ्या लाइनवरून पेणच्या छापखान्यात जात. कंपनीने दर वाढवले तेव्हा ते दुकानात येऊन बसले.

“शेठ, हा दर झेपायचा नाय, अंक बंद करावा लागंल. पूर्वी बातमीच्या तारेला सवलत व्हती. आता का नको? बातमी काय मी घरी नेऊन खातो?”

“काका, मग दवाखान्याला नको का? रिक्षावाल्याला नको? आणि खोटंनाटं छापणाऱ्यालाही तीच सवलत द्यायची?”

त्यांनी पेन काढलं. मला वाटलं, आता हिशेबाने उत्तर देतील. ते माझं म्हणणं उतरवून घेत होते.

कंपनीला द्यायचा अर्ज झकास झाला. पहिल्या पानावर, लहान गावाची बातमी लहान पत्रच देतं, म्हणून त्याला सवलत हवी. दुसऱ्या पानावर ‘दुसरी बाजू’ असा मथळा आणि खाली माझे सगळे आक्षेप, माझ्यापेक्षा चांगल्या भाषेत. मी कपाळाला हात लावला.

“काका, हे पान काढा. हा अर्ज आहे, अंक नाही.”

“एकाच बाजूचं लिवायची सवय नाय, शेठ.”

कंपनीचं उत्तर आलं. अर्जदाराने पान दोनवर दिलेल्या कारणांमुळे सवलत देता येत नाही. ते खचतील म्हणून मी चहा मागवला होता. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि खूश झाले. “बघा, दुसरं पान पण वाचलंय. आमचं संपादकीय कोण वाचतो एवढं?”

मला काही राहवेना. म्हटलं, निम्मेच द्या, बाकीचं मी बघतो.

“आन् तुमची लाइन बंद पडली की बातमी पण निम्मीच छापू?”

त्यांनी लाइन काढून टाकली. मग दर गुरुवारी पेन ड्राइव्ह घेऊन ते एसटीने पेणला जाऊ लागले. नागोठण्याला कुणी चढे, वडखळला गाडी रखडे, आणि पेण येईपर्यंत दोन नव्या बातम्या झालेल्या असत. अंक पहिल्यापेक्षा वाचनीय निघू लागला, हे धंद्याला सोडून असलं तरी कबूल केलं पाहिजे. तुम्ही तो वाचला असता तर तुम्हीही हेच म्हणाला असता.

गेल्या वर्षी काका गेले आणि अंक थांबला.

परवा वरशात आमची लाइन तीन दिवस बंद होती. कुठे एक ओळ छापून आली नाही. मला बरं वाटायला हवं होतं, पण भारी चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. चौथ्या दिवशी मी एका पुठ्ठ्यावर लिहिलं, ‘लाइन तीन दिवस बंद होती. चूक आमची.’ दुकानाबाहेर तो टांगला, आणि खाली गिऱ्हाइकांसाठी अर्धी जागा सोडून दोरीने पेन बांधलं.

संध्याकाळपर्यंत ती जागा शिव्यांनी भरून गेली. काकांनी एकेक शिवी चवीने वाचली असती.